डिंक वाळण्याआधी केलेली वाटणी

मी, ग्लाफिरा सावेल्येवना कोरोस्तेल्योवा, प्रोखोरची विधवा, वय सत्त्याहत्तर, राहणार झातोन्स्क, धक्क्यावरून चढणाऱ्या गल्लीतलं निळ्या झडपांचं लाकडी घर, आज हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या चष्म्यातून आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. एवढं लिहावंच लागतं असं नोटरीबाईंनी सांगितलं. मन आनंदात आहे हे त्यांनी सांगितलेलं नाही, ते मी माझ्या पदरचं घातलं.

नोटरीबाई वयाने लहान पण समजूतदार. मी विचारलं, "बाई, मृत्युपत्रात अधेमधे दोन शब्द बोललेलं चालतं का?" त्या म्हणाल्या, "आजी, मग तुम्ही बंद पाकिटातलं करा. सगळं तुमच्या हस्ताक्षरात लिहायचं, पाकीट चिकटवायचं आणि दोन साक्षीदारांसमोर माझ्या हातात द्यायचं. तुम्ही आहात तोवर मीसुद्धा ते उघडणार नाही." म्हणजे मी बोलणार आणि मध्ये कुणी तोडणार नाही. अशी सोय मला जन्मात पहिल्यांदा मिळते आहे. तेव्हा जे कोण हे वाचत असतील त्यांनी नीट बूड टेकून बसावं, चहा घ्यावा.

माझी शाळा तिसरीपर्यंत. युद्ध नुकतंच संपलं होतं, चौथीऐवजी मला सरकारी गोठ्यातली वासरं मिळाली. म्हणून अक्षर वासरांसारखंच इकडेतिकडे पळतं, त्याला इलाज नाही.

साक्षीदार दोघं माझ्याच स्वयंपाकघरात बसले आहेत. एक अग्निया पेत्रोव्ना, माझी शेजारीण, आमच्या गावच्या शाळेत साहित्य शिकवून निवृत्त झालेली. दुसरा राविल, तातार वस्तीतला, गाडी चालवतो आणि आमचे प्रवास त्याच्याच गाडीतून होतात. बंद मृत्युपत्र असल्यामुळे दोघांनाही मी वाचू देत नाही. राविलला त्याचं काही नाही, तो जाम खातो आहे. अग्निया मात्र मान लांब करून बघते आणि म्हणते, "निदान स्वल्पविराम तरी मला बघू दे गं." नाही.

आता कारण. मी मरायला टेकलेली नाही. मी आस्त्राखानला निघाले आहे. आज संध्याकाळी बोट आहे, नोटरीबाईंचं कार्यालय धक्क्याच्या वाटेवरच आहे, जाता जाता पाकीट देणार. पण लांबच्या प्रवासाला निघताना घर आवरतात तेवढंच हे नाही. खरं कारण डिंक आहे.

माझा मुलगा वादिम गावच्या कचेरीत पर्यटन खात्याचा उपप्रमुख आहे. शनिवारी मोठी बोट येणार, तिच्यात परदेशी लोक असणार, आणि त्यांच्यासाठी त्याने माझ्या पुढच्या खोलीत 'साहित्यिक चूल' नावाचं काहीतरी उघडायचं ठरवलं आहे. मी फुलाफुलांचा रुमाल डोक्याला बांधून चुलीशी बसायचं, पातळ धिरडी काढायची आणि सांगायचं की माझ्या पणजीने आमच्या लेखकमहाशयांना याच चुलीवरचं माशाचं सार वाढलं होतं. माझी पणजी व्यात्काकडच्या जंगलातली. तिने व्होल्गा कधी पाहिली नाही, आणि मासे तिला सोसत नसत.

लेखकमहाशय म्हणजे ज्यांचं आमच्याकडे म्युझियम आहे ते. नाव लिहीत नाही, फाटकावर हातभर अक्षरांत आहे. पूर्वी टपालाचे घोडे मिळेनात म्हणून ते इथे एक रात्र अडकले आणि आमच्या गावाबद्दल त्यांनी आयुष्यात एकच वाक्य लिहिलं. त्या वाक्यात ढेकूण आहेत. त्या वाक्यावर आज म्युझियम चालतं, हॉटेल चालतं, मसालेदार बिस्किटांचं दुकान चालतं आणि माझा मुलगाही चालतो. ज्या पलंगावर त्यांना ढेकूण चावले तो पलंग दोरीच्या आड ठेवला आहे. तो माझ्या दिराने बनवला. मी तेव्हा नवी नवरी होते, ठोकाठोकीने झोप येत नव्हती.

हे सगळं मी हसून सोडलं असतं. पण माझ्या मागच्या खोलीतली जुनी पुस्तकं वादिमला चुलीजवळच्या फळीवर मांडायची आहेत आणि पर्यटक उचलून नेतात म्हणून ती डिंकाने चिकटवायची आहेत. पानाला पान, पुठ्ठ्याला पुठ्ठा, सगळी मिळून फळीला. "आई, बाहेरून अगदी तश्शीच दिसतील," असं म्हणाला. ही पुस्तकं उघडी राहणार की त्यांच्या विटा होणार, एवढाच या मृत्युपत्राचा प्रश्न आहे. बाकीचं सामान ओघाने आलं आहे.

कलम पहिलं. घर आणि अंगण वादिमला. दुसरं कुणी नाहीच, आणि छप्पर गळतं, त्यामुळे हावरेपणाने कुणी भांडणार नाही. अट एकच. दारात जो हातात पुस्तक घेऊन येईल त्याला चुलीजवळची जागा, चहा आणि जे शिजलं असेल ते द्यायचं. जो नुसता फोन वर धरून येईल त्याला म्युझियमचा रस्ता दाखवायचा. तिथे बुटांवरून कापडी सपाता चढवायला देतात, लोक पाय घासत सगळ्या खोल्या हिंडतात आणि फरशी आपोआप पुसली जाते. त्यांचाही वेळ जातो, म्युझियमचंही काम होतं.

बँकेतली शिल्लक माझ्या दफनाला आणि नंतरच्या जेवणाला. पूर्वी जास्त होती. मग एका जानेवारीत भाव असे भडकले की सगळ्या देशाची शिल्लक हिवाळी बुटांच्या एका जोडाएवढी झाली, त्यातला डावा माझ्या वाट्याला आला. जेवणात भाषणं नकोत. वादिमला भाषण आवरत नसेल तर धिरडी गरम असतानाच करू द्यावं, म्हणजे लोक लवकर टाळ्या वाजवतील.

कलम दुसरं. सोनेरी पाठीची तीस पुस्तकं, काचेच्या कपाटासह आणि किल्लीसह, वादिमला आणि सूनबाई एल्विराला.

या पुस्तकांची हकिकत सांगितल्याशिवाय ती देता येत नाहीत. आता तरुण लोकांना खरं वाटत नाही, पण एके काळी चांगली पुस्तकं दुकानात पैसे देऊन मिळत नसत. वीस किलो रद्दी सरकारी केंद्रावर घालायची, मग कूपन मिळायचं, मग कूपन घेऊन रांगेत उभं राहायचं, मग एक पुस्तक. आमच्या केंद्रावर काट्याशी बसणारी बाई म्हणजे मी. वर्तमानपत्रं आठवड्यात संपली. मग लोकांच्या माळ्यांकडे नजर गेली. माळ्यावर आजोबांची पुस्तकं होती. जुनी, जड, झारच्या काळच्या छपाईची, चामड्याच्या पुठ्ठ्याची. वजनाला फार छान. लोक घसरगाडीवर घालून आजोबांची पुस्तकं आणायचे आणि त्याच्या बदल्यात नवीन, सोनेरी पाठीची घेऊन जायचे. जातिवंत लेखकांची होती ती, खोटं बोलत नाही. कधीकधी तर एकाच लेखकाचं जुनं घालून त्याचंच नवं नेत. मी विचारलं तर म्हणायचे, "ग्लाफिरा, हे कपाटाच्या रंगाला जातं."

सबंध गावाने ही चूक एका दमात केली आणि मोठ्या अभिमानाने केली. कुठल्याही घरात गेलं तरी त्याच काचा, त्याच सोनेरी पाठी, त्याच क्रमाने. माझा प्रोखोर तर रविवारी फडक्याने पुसायचा. उघडायचा नाही, पुसायचा. उघडली तर पाठीला घडी पडते म्हणायचा. सातव्या भागाच्या मागे त्याची बाटली असे. तीस पुस्तकांत कुणाचं बोट लागलं असेल तर ते सातव्याला, तेही बाजूला सारताना. देव त्याला शांती देवो, बोटींची इंजिनं मात्र तो हाताने चाचपून बरी करायचा.

तर ही तीस पुस्तकं वादिमने खुशाल चिकटवावीत. ती आतून आधीच चिकटलेली आहेत. चुलीजवळ शोभतील.

एल्विराला शिवाय तो फुलाफुलांचा रुमाल. तिनेच आणला होता, तिला खुलेल.

कलम तिसरं. लोखंडी वजन. रद्दी केंद्र बंद झालं तेव्हा काटा भंगारात गेला, मोठं वजन मी घरी आणलं. तेव्हापासून ते आंबवायच्या कोबीवर ठेवते. त्याच्याइतका दाब दगडाने येत नाही. हे वजन आणि लाकडी पिंप माझ्या नातीला, लुशाला. लुशा शहरात दातांच्या दवाखान्याचं शिकते. तिने हे हसण्यावारी नेऊ नये. ज्या वजनाखाली आमच्या गावची निम्मी पुस्तकं गेली त्याच्याखाली कोबी तरी चांगला व्हावा.

प्रोखोरची हत्यारं राविलला द्यायची होती. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही असं नोटरीबाई म्हणाल्या. मी दोन दिवस विचार केला आणि गेल्या मंगळवारी पेटी उचलून त्याच्या गाडीत ठेवली. राविल म्हणाला, "ग्लाफिरामावशी, अहो कायद्यात बसत नाही ना?" मी म्हटलं, "कायदा मेल्यानंतरचा आहे. मी अजून चहा पिते आहे." जिवंतपणी हातोहात दिलेल्याला कागद लागत नाही, हे मला सत्त्याहत्तराव्या वर्षी कळलं, आणि फार बरं वाटलं.

अग्नियालाही याच कारणाने काही देता येत नाही. तिचा माझा हिशोब वेगळा आहे. तिने रद्दी गोळा करण्याच्या स्पर्धेत शाळेच्या वाचनालयातली कपाटंच्या कपाटं जुनी पुस्तकं मुलांकडून वाहून आणली होती आणि माझ्या काट्यावर ओतली होती. शाळा पहिली आली, तिला झेंडा मिळाला. मी तेव्हा एक पुस्तक चाळत होते तर वर्गासमोर म्हणाली, "ग्लाफिरा, ते उलटं नाही ना धरलंस?" पोरं हसली. ते मी विसरलेले नाही. पण पुढे प्रोखोर गेल्यावर हीच बाई वांग्याचं काहीतरी करून डबा घेऊन आली आणि म्हणाली, "ती झेंड्याची पुस्तकं… त्यातली काही आहेत का गं तुझ्याकडे?" होती. तेव्हापासून रोज येते. म्हणून अग्नियाला मी शेवटचा शब्द देते. आयुष्यभर तिला तोच हवा होता, आणि तो मालमत्तेत धरत नाहीत.

कलम चौथं. मागच्या खोलीतली जुनी पुस्तकं, सगळी, फळ्यांसह, लुशाला.

ती माझ्याकडे कशी आली हे कुणी विचारेल म्हणून लिहिते. केंद्राच्या साहेबांनी परवानगी दिली होती की हिवाळ्यात चूल पेटवायला लागेल तेवढा कागद घे. मी थंडी वाजू दिली. चूल पेटवण्याआधी मी एकेक पान वाचून बघायची, जाळण्यासारखं आहे का. बोट ठेवून, ओठ हलवून वाचायची. जाळण्यासारखं फारसं काही सापडेना. मी काही शहाणी झाले नाही. निसर्गाची वर्णनं आली की मला झोप लागते, तत्त्वज्ञान आलं की पान उलटते. मला हवं असतं ते हे, की काय खाल्लं, कुठल्या गावी, कुणी कुणाला थोबाडीत मारली आणि रस्ता कसा होता. आपल्या लोकांच्या पुस्तकांत हे सगळं भरपूर असतं, फक्त मधले उसासे ओलांडावे लागतात.

त्यांतच 'व्होल्गेच्या प्रवाशाचा सोबती' नावाचा वाटाड्या होता. झारच्या काळातला, वाफेच्या बोटींनी जाणाऱ्यांसाठी. कुठल्या धक्क्यावर उतरावं, कुठल्या खाणावळीत काय मागावं, कुठे खिसा सांभाळावा. तो वाचल्यावर मला राहवेना. मी अग्नियाला म्हटलं, "जाऊन बघायचं का?" ती म्हणाली, "शंभर वर्षांनी?" मी म्हटलं, "मग आणखी कशाला उशीर करायचा?"

तेव्हापासून दर उन्हाळ्यात एक पान. पहिल्या गावात वाटाड्याने लिहिलं होतं की धक्क्यासमोरच्या खाणावळीत स्टर्लेट माशाचं सार घ्यावं, मालक सौजन्यशील आहे. तिथे टायरचं दुकान निघालं. मी तरीही आत जाऊन सार मागितलं. टायरवाल्याने पुस्तक पाहिलं, हात पुसले, स्वतःच्या डब्यातली ग्रेचकाची, म्हणजे कुट्टूच्या दाण्यांची, खिचडी दोन झाकणांत वाढली. राविलने वाटाड्याच्या कडेला पेन्सिलने लिहिलं, "मालक अजूनही सौजन्यशील."

दुसऱ्या एका गावी मठ आहे. तिथे बंडखोर कोसॅकांनी भिंतीत भोक पाडलं, असं पुस्तक म्हणतं. तिथला मार्गदर्शक म्हणाला की भोक शत्रूच्या तोफेचं. नवीन मार्गदर्शिका म्हणाली की भोक कधी नव्हतंच. म्हातारा पहारेकरी म्हणाला, "मी लहान असताना त्यातूनच सफरचंदं चोरायला जायचो." आपला इतिहास असा आहे. भोक एकच, प्रत्येक सरकार येऊन आपल्या परीने लिंपून जातं. आम्ही सफरचंदाचा इतिहास मान्य करून पुढे निघालो.

मात्र एका गावी हसू आलं नाही. वाटाड्यात लिहिलं होतं, उजव्या काठाला उतरा, जत्रेचा चौक, चेरी स्वस्त, पाववाला प्रामाणिक. राविलने गाडी थांबवली तर पुढे रस्ताच नव्हता. पाणी. धरण बांधलं तेव्हा गाव खाली गेलं, पाण्यातून घंटेचा मनोरा तेवढा वर होता, त्यावर पक्षी बसले होते. आम्ही काठावर उभे राहिलो. मग अग्नियाने चष्मा लावला आणि ते पान पाण्याकडे तोंड करून मोठ्याने वाचलं, वर्गात वाचावं तसं. चौक, चेरी, पाववाला, सगळं. राविलने टोपी काढली. ती वाचत होती तेवढा वेळ ते गाव होतं. त्या दिवशी मी तिला झेंड्याची माफी दिली, तिला अजून सांगितलेलं नाही.

म्हणून लुशाला अट अशी. दर उन्हाळ्यात एक पुस्तक फळीवरून काढायचं, त्यातल्या गावी जायचं आणि परत येऊन कुणाला तरी सांगायचं. दातांच्या खुर्चीत बसलेल्याला सांगितलं तरी चालेल, तो उठून जाणार नाही. वाटाड्याचं शेवटचं पान आस्त्राखानचं आहे, ते आज आम्ही उघडतो. लुशा येणार होती, पण तिची परीक्षा आडवी आली. तिचं तिकीट तसंच राहिलं आहे.

कलम पाचवं. एक पुस्तक मात्र लुशाचं नाही. ते पातळ आहे, पाठ उसवलेली, पुठ्ठ्यावर बोटीचं चित्र. ते वादिमचं.

वादिम दहा वर्षांचा असताना त्याच्याकडे ते एकच पुस्तक होतं, त्याच्या आजोबांचं. येर्मिल नावाचा सुकाणूवाला धान्याची नाव घेऊन व्होल्गेने खाली समुद्राकडे निघतो, त्याची गोष्ट. वादिम ते झोपताना उशीखाली ठेवायचा. प्रोखोरला शेवटचा, तिसावा भाग हवा होता. रद्दी भरली तर काटा किंचित कमी पडला. प्रोखोरने इकडेतिकडे बघितलं, घरी गेला, आणि ते पुस्तक आणून काट्यावर ठेवलं. काटा बरोबर झाला. वादिम त्याच्यामागून येऊन केंद्राच्या दारात उभा होता. रडला नाही, फक्त म्हणाला, "बाबा, माझं अर्धं राहिलंय."

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या वजनाइतकी जुनी वर्तमानपत्रं तिथे घालून पुस्तक घरी आणलं आणि त्याच्यापुढे धरलं. त्याने हात मागे घेतले. लाल रुमालवाल्या बालपथकाचा प्रामाणिक पोरगा. म्हणाला, "आई, ते आता सरकारचं आहे." मी पुष्कळ समजावलं. घेतलं नाही. त्यानंतर त्याने घरात कधी पुस्तक मागितलं नाही, आणि पुढे सरकारातच गेला, कदाचित तिथे सापडेल म्हणून.

तर माझ्यामागे हे पुस्तक त्याला द्यावं. घेतलं नाही तर उशीखाली ठेवावं.

इथे लिहिणं थांबलं. वादिम आला. कचेरीत कुणीतरी त्याला सांगितलं की आई नोटरीकडे गेली होती. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात डिंकाचा डबा. डबा त्याने घाईत या कागदावरच ठेवला. वर जो गोल डाग आहे तो त्याचा, खाडाखोड समजू नये.

"आई, मृत्युपत्र? काय होतंय तुला? छातीत दुखतंय का?"

"आस्त्राखान होतंय."

"अगं शनिवारी बोट येते आहे! जर्मन लोक आहेत! त्यांना मी सांगू काय?"

"सांग, म्हातारी पुस्तकातलं गाव बघायला गेली. जर्मनांना पटेल."

"वाद्या," अग्निया म्हणाली, "आधी बूट काढ. फरशी पुसली आहे."

त्याने बूट काढले. उपप्रमुख झाला तरी तिच्यासमोर अजून काढतो. मग म्हणाला, "अग्निया पेत्रोव्ना, तुम्ही तरी समजवा हिला. या वयात बोटीने! आणि चूल कोण सांभाळणार?"

"एल्विरा," मी म्हटलं. "रुमाल तिच्यासाठी काढून ठेवला आहे."

"मला आज पुस्तकं तरी करून टाकू दे. उद्या सुतार येणार."

"वादिम प्रोखोरोविच," राविल जाम चाटत म्हणाला, "झाकण घट्ट लावा. डिंक आटतो."

मी पेन खाली ठेवलं. पाकीट मी मेल्यावर उघडणार, आणि डिंक आत्ता उघडला होता. कायद्याची ही बाजू माझ्या ध्यानातच आली नव्हती.

तो मागच्या खोलीत गेला. पातळ पुस्तकांपासून सुरुवात करतात ना, हात बसायला. फळीच्या टोकाचं उचललं, उघडलं, ब्रश बुडवला. मी दारातून पाहिलं. ब्रशवरून डिंक त्याच्या मोज्यावर ठिबकत होता.

"हे… हे तर दिलं होतं ना?"

"दिलं होतं. परत आणलं. तुला दाखवलं तर म्हणालास, ते आता सरकारचं आहे."

"मी? मी असं म्हणालो?"

"अजूनही असंच बोलतोस," अग्निया स्वयंपाकघरातून ओरडली.

पानाच्या कडेला लाल पेन्सिलीने काढलेली नाव होती, शिडाला सात दोऱ्या. त्याने बोटाने ती पुसून बघितली, जाते का. गेली नाही. मग उभ्याउभ्याच एक पान वाचलं, मग दुसरं. ब्रश त्याने खिडकीत ठेवला. खिशात फोन वाजत होता, एल्विराचाच असणार, वाजून थांबला.

"आई," तो म्हणाला, मान वर न करता, "येर्मिल समुद्रापर्यंत पोचतो का गं?"

सत्तेचाळीस वर्षांचा माणूस. मला माहीत आहे पोचतो की नाही. मी म्हटलं, "वाच."

सबब कलम पाचवं रद्द. सदर पुस्तक आज रोजी, मी जिवंत असताना, हातोहात दिलं आणि घेणाऱ्याने घेतलं. कलम पहिलं ते चौथं कायम, आणि त्यांची कुणी घाई करू नये. डिंकाचा डबा राविलने झाकण लावून गाडीत ठेवला आहे, टायरवाल्याला देणार म्हणतो.

आता पिशव्या दारात आल्या. निघण्याआधी सगळ्यांनी क्षणभर गप्प बसायचं असतं, नाहीतर प्रवास धड होत नाही. मी स्टुलावर, अग्निया बाकावर, राविल माझ्या ट्रंकेवर. वादिम आला आणि बसला, ज्याला निघायचं नाही त्याने बसायचं नसतं हे त्याला माहीत आहे. पुस्तक गुडघ्यावर उघडं आहे. लुशाचं तिकीट टेबलावर साखरेच्या भांड्याखाली आहे. मी तिकडे बघत नाही आहे. तोही बघत नाही आहे. गप्प बसायच्या वेळात लिहिलेलं चालतं का माहीत नाही, म्हणून इथेच थांबते. साक्षीदारांच्या सह्या पाकिटावर घ्यायच्या असतात म्हणे, पण पाहुण्यांना दारातून परत पाठवायचं हे मला जमत नाही, म्हणून आतही घेते.

सही: ग्लाफिरा कोरोस्तेल्योवा

ठिकाण: झातोन्स्क, माझं स्वयंपाकघर. दिनांक: ११ जून २०१३.

साक्षीदार पहिला: राविल गालिमोव. जाम चांगला होता.

साक्षीदार दुसरी: अग्निया पेत्रोव्ना लादिगिना, साहित्याची शिक्षिका, निवृत्त. वरचा मजकूर मला वाचू दिलेला नाही. शेवटचा शब्द माझा म्हणाली, तर तो असा: साखरेच्या भांड्याखाली आता तिकीट नाही. वाद्या, बूट घाल.